दानव, देवदूत आणि आल्टोची दुसरी रांग

इंग्लिश संगीतकार एडवर्ड एल्गार यांच्या ‘द ड्रीम ऑफ जेरॉन्टियस’ या रचनेचे नाव इंग्लंडमधल्या हौशी कॉयरमध्ये, म्हणजे समूहगायन करणाऱ्या मंडळींत, जरा दबकूनच घेतले जाते. हँडेलचा ‘मेसाया’ इथल्या बहुतेक गायकांना अर्धा तरी पाठ असतो, त्यामुळे त्याच्या तालमी म्हणजे उजळणी असते. ‘जेरॉन्टियस’ जाहीर झाले की जुने सभासद सरसावतात आणि नवे घरी जाऊन ध्वनिमुद्रण ऐकून धास्तावतात. मी बर्मिंगहॅमजवळच्या एका हौशी कॉयरमध्ये आल्टो, म्हणजे स्त्रियांच्या आवाजांतली खालची पट्टी, गाते. पुण्यात वाढताना काही वर्षे ख्यालगायन शिकले होते. पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला मात्र नोकरीनिमित्त इथे आल्यावर, तिशी उलटल्यानंतर शिकले. आमच्या कॉयरने वसंतातल्या मैफलीसाठी ही रचना निवडली, तेव्हापासून ती सादर होईपर्यंत जे हाती लागले, ते इथे मांडते आहे.

आधी रचनेविषयी थोडे सांगायला हवे. मूळ काव्य जॉन हेन्री न्यूमन यांचे, १८६५ सालचे. न्यूमन हे अँग्लिकन पंथ सोडून कॅथलिक झालेले धर्मपंडित. त्यांनी बर्मिंगहॅममध्ये ऑरेटरी, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ, स्थापन केली आणि आयुष्याचा मोठा काळ याच शहरात घालवला. २०१९ मध्ये त्यांना संतपद मिळाले. काव्याचा विषय एका ओळीत सांगता येतो: जेरॉन्टियस नावाचा वृद्ध मरतो, आणि मग त्याचा आत्मा न्यायासनापुढे जातो. पहिल्या भागात मृत्युशय्या आहे, भोवती प्रार्थना करणारे मित्र आहेत आणि शेवटी निरोप देणारा धर्मगुरू आहे. दुसऱ्या भागात आत्म्याला सोबत करणारा देवदूत भेटतो. दोघे दानवांच्या कोलाहलातून आणि देवदूतांच्या स्तुतिगानातून पुढे जातात. आत्म्याला क्षणभर ईश्वराचे दर्शन घडते, ते त्याला सोसवत नाही, आणि तो स्वतःहोऊन परगेटरीत, म्हणजे पापाचा डाग जाईपर्यंत ताप सोसण्याच्या जागी, उतरतो. एल्गार यांनी काव्याचा काही भाग गाळून हे सगळे सुमारे शंभर मिनिटांच्या संगीतात बांधले. एकल गायक तिघे: जेरॉन्टियस हा टेनर, म्हणजे पुरुषांतला वरच्या पट्टीचा आवाज, देवदूत ही मेझो-सोप्रानो, म्हणजे स्त्रियांतला मधल्या पट्टीचा आवाज, आणि धर्मगुरू व यातनेचा देवदूत या दोन्ही भूमिका बहुधा एकच बास, म्हणजे खालच्या पट्टीचा, गायक करतो.

एल्गार स्वतः कॅथलिक होते, आणि प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये ही गोष्ट तेव्हा किरकोळ नव्हती. त्यांचे वडील वुस्टरमध्ये वाद्यांचे दुकान चालवीत आणि तिथल्या सेंट जॉर्ज या कॅथलिक चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. संगीताचे महाविद्यालयीन शिक्षण एल्गार यांना मिळाले नाही. दुकानातले कागद आणि गावातले वाद्यवृंद हीच त्यांची शाळा. आपल्या वाचकांना एक तपशील रंजक वाटेल. त्यांची पत्नी ॲलिस ही १८४८ मध्ये कच्छमधल्या भूज इथे जन्मली होती. तिचे वडील हेन्री गी रॉबर्ट्स हे मुंबई इलाख्याच्या सैन्यातले अधिकारी होते. या रचनेवर त्याचा कसलाही ठसा नाही, पण तालमीच्या चहाच्या वेळी ‘तुमच्या देशाचा आणि एल्गारचा काय संबंध’ असे कुणी विचारले, तर माझ्याजवळ हे एक उत्तर तयार असते.

आमच्या हाती आलेले स्कोअर, म्हणजे छापील स्वरलिपीच्या प्रती, ग्रंथालयातून भाड्याने आणलेले होते. इथे ही रीतच आहे. शंभरएक प्रती विकत घेणे हौशी संस्थेला परवडत नाही. माझ्या प्रतीवर आधीच्या किमान तीन आल्टोंच्या पेन्सिलच्या खुणा न पुसता राहिल्या होत्या: श्वासाच्या जागी स्वल्पविराम, कठीण प्रवेशाआधी चष्म्याचे चित्र (म्हणजे ‘कंडक्टरकडे पाहा’), आणि एका पानावर मोठ्या अक्षरांत ‘टेनरचे ऐकू नकोस’. तो सल्ला कुणा अनोळखी बाईने कोणत्या वर्षी स्वतःला दिला असेल देव जाणे, पण त्या जागी पोहोचल्यावर त्याचे मोल पटले. टेनरचा स्वर तिथे आल्टोच्या अगदी शेजारी येऊन घासतो आणि बेसावध असलो तर आपल्याला स्वतःकडे ओढून नेतो.

ख्याल शिकलेल्या माणसाला या रचनेत दोन गोष्टी नव्याने बसवाव्या लागतात. पहिली म्हणजे षड्ज. तानपुऱ्यात वाढलेला कान कुठलीही ओळ वाचताना आधी षड्ज शोधतो. सोप्या भजनवजा रचनांत तो सापडतो आणि टिकतो, त्यामुळे मनातल्या मनात सारेगम म्हणून वेळ निभावते. एल्गार मात्र चार मात्रांत पायाखालची जमीन सरकवतात. मृत्युशय्येभोवतीच्या प्रार्थनांमध्ये तर आल्टोची ओळ अर्ध्या स्वराने खाली उतरत जाते, आणि जो स्वर आपण कोमल निषाद म्हणून धरला तो पुढच्याच सुरावटीत दुसऱ्या कुठल्या तरी षड्जाचा गंधार झालेला असतो. शेवटी मी नाव देण्याचा नाद सोडून अंतर मोजायला शिकले: आत्ता जिथे आहे तिथून पुढचा स्वर किती दूर, एवढेच. इंग्लंडमध्ये एकेकाळी लक्षावधी गिरणी कामगार आणि खाण कामगार ‘टॉनिक सोल्फा’ या सरकत्या षड्जाच्या पद्धतीने गायला शिकले. त्यांच्याजवळ निदान षड्ज कधी सरकला हे सांगणारे लेखन तरी असे.

दुसरी गोष्ट मींड. आमच्या संगीतात स्वरावर जाण्याची वाट हाच निम्मा आनंद असतो. इथे आमच्या आल्टो विभागात तीसएक बायका, आणि प्रत्येकीने आपापल्या वाटेने स्वरावर यायचे ठरवले तर ऐकणाऱ्याला नुसता चिखल ऐकू येतो. संचालकांनी मला बाजूला घेऊन अतिशय सौजन्याने सांगितले की माझा आवाज त्यांना हवा आहे, पण तो स्वराच्या मध्यभागी उभा राहून सुरू व्हायला हवा. गंमत अशी की एल्गार यांनी स्वतः बऱ्याच जागी घसरत जाण्याच्या खुणा लिहिल्या आहेत, आणि तिथे माझ्या इंग्रज शेजारणी अवघडून जातात. तिथे मला परवानगी होती.

तालमी आठवड्यातून एका संध्याकाळी, पियानोच्या साथीने. पहिल्या भागापासून सुरुवात झाली. यात मुख्य कॉयरच्या जोडीला एक छोटा कॉयर असतो, त्याला सेमी-कोरस म्हणतात. जेरॉन्टियसचे पहिले गाणे संपताच हा छोटा कॉयर ‘किरिये एलेइसन’, म्हणजे ‘प्रभो, दया कर’, अशी सुरुवात अत्यंत हळू, जवळजवळ साथीविना करतो, आणि मग मोठा कॉयर त्याला येऊन मिळतो. सेमी-कोरससाठी संचालकांनी निवडक आवाज वेगळे काढले. मी मोठ्या कॉयरमध्ये, आल्टोच्या दुसऱ्या रांगेत राहिले. त्याचा फायदा असा झाला की त्या छोट्या गटाचे गाणे मला दर वेळी ऐकायला मिळाले. आवाज कमी, स्वर लांब, आणि वाद्यांचा आधार नाही. अशा जागी गाणे तसूतसूने खाली घसरते. गाणाऱ्यांना ते जाणवत नाही. वाद्ये पुन्हा येतात तेव्हा सगळ्यांना एकदमच कळते. आमच्या तालमीत हे वारंवार घडले, आणि पियानोवरच्या बाई प्रत्येक वेळी नुसता एक स्वर वाजवून आमच्याकडे पाहत.

त्यानंतर येते ती सुटकेची प्रार्थना. जलप्रलयातून नोहाला, हालअपेष्टांतून ईयोबाला, दास्यातून मोशेला सोडवलेस तसे याला सोडव, अशी एकेक नावे मोजके आवाज पठणाच्या एकसुरी चालीत घेतात आणि बाकीचे ‘आमेन’ म्हणत जातात. संगीताच्या दृष्टीने या पानांत फारसे काही नाही, पण माझ्यापुरती सगळी रचना इथे उघडली. मी ख्रिस्ती नाही आणि संतांच्या नावाने केलेली विनवणी माझी म्हणून मला म्हणता येणार नव्हती. पण आमच्या घरी आजोबा गेले तेव्हा उशाशी बसून कुणी विष्णुसहस्रनाम म्हणत होते, कुणी गीतेचा पंधरावा अध्याय वाचत होते, आणि त्यातल्या निम्म्या माणसांना शब्दांच्या अर्थाशी कर्तव्य नव्हते. आवाज थांबू द्यायचा नाही एवढेच त्यांना ठाऊक होते. संचालक त्या ‘आमेन’विषयी जे सांगत होते ते नेमके हेच होते. ते म्हणत, हे सुंदर गाऊ नका. ही दमलेली, जागरण झालेली माणसे आहेत. मी गाताना श्रद्धेचा प्रश्न तिथे सोडून दिला, कारण मला दिलेली भूमिका उशाशी बसलेल्या माणसाची होती, आणि ती मला येत होती.

या रचनेत कॉयर एकच एक कुणी नसतो, हे ध्यानात यायला असा थोडा वेळ जातो. बहुतेक धार्मिक रचनांमध्ये कॉयर म्हणजे भक्तसमुदाय. तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच असतो. इथे तीच माणसे आधी मित्र, मग दानव, मग देवदूत, मग परगेटरीतले आत्मे होतात, आणि मध्येच पृथ्वीवर मागे राहिलेल्या मित्रांचे दूरचे आवाजही त्यांनाच द्यायचे असतात. कपडे बदलायची सोय नाही. जे काही बदलायचे ते आवाजाच्या पोतात, व्यंजनांत आणि श्वासात.

दानवांच्या गाण्यावर आमच्या सर्वांत जास्त संध्याकाळी खर्ची पडल्या. जाणकारांत असे म्हणणारे पुष्कळ आहेत की हा भाग रचनेतला कच्चा दुवा आहे, हे दानव कुणाला घाबरवत नाहीत. ते गायल्यानंतर माझे मत असे झाले की दोष बहुतेक वेळा लेखनात नसून गाणाऱ्यांच्या सभ्यपणात असतो. न्यूमन यांचे दानव ज्वाळा ओकत नाहीत, ते टोमणे मारतात. मातीची हीन ढेकळे देव व्हायला निघाली आहेत, आम्हाला मात्र एका हुकूमशहाच्या मर्जीने हाकलून दिले. संत म्हणजे तरी काय, तर मूर्खांनी पुजायचे हाडांचे गाठोडे: अशी त्यांची भाषा आहे. हे अपमानित, हुशार आणि कडवट लोकांचे बोलणे आहे. आमच्या कॉयरमध्ये निवृत्त शिक्षक, परिचारिका, हिशेबनीस, एक दोन न्यायालयीन कर्मचारी. ही मंडळी आयुष्यभर आवाज गोल आणि नितळ करायला शिकलेली. त्यांना कुत्सित हसायला सांगितल्यावर पहिल्या तालमीत जे ‘हा हा’ निघाले, ते नाताळच्या म्हाताऱ्याला शोभले असते.

संचालकांनी मग एक युक्ती केली. त्यांनी स्वर काढून टाकले आणि आम्हाला नुसते शब्द तालात बोलायला लावले, तेही कुजबुजत. या शब्दांत ‘स’ आणि ‘ट’ यांची रेलचेल आहे. एरवी कॉयरमध्ये ‘स’ हा शत्रू असतो. ओळीच्या शेवटी ऐंशी माणसांनी आपापल्या सोयीने ‘स’ म्हटला तर फुग्यातली हवा सुटल्यासारखा आवाज येतो, म्हणून तो अगदी छोटा आणि ठरलेल्या मात्रेवर ठेवायचा असतो. देवदूतांच्या स्तुतिगानात ‘प्रेझ’ या शब्दाच्या शेवटी आम्ही हेच शिकलो होतो. दानवांच्या गाण्यात मात्र तोच वर्ण थुंकल्यासारखा टाकायचा, लांबवायचा, शेजाऱ्याच्या अंगावर जाऊ द्यायचा. कुजबुजून झाल्यावर स्वर परत आणले तेव्हा गाणे बदललेले होते. यातला मोठा फ्यूग, म्हणजे एकच सुरावट एकेका विभागाने मागून येऊन उचलायची बांधणी, त्यानंतर बसला. तोवर आम्ही तो मोजत होतो, गात नव्हतो. फ्यूगमध्ये आल्टोचा प्रवेश होतो तेव्हा बाकीचे आवाज आधीच भांडत असतात, आणि त्या गोंगाटात शिरायचे तर स्वर शोधत बसायला वेळ नसतो. मी तो प्रवेश स्वयंपाक करताना, बसची वाट पाहताना, नुसत्या ओठांनी म्हणत असे.

मग देवदूत. ‘प्रेझ टू द होलिएस्ट इन द हाइट’ हे पद इंग्लंडमधल्या चर्चमध्ये वेगळे स्तोत्र म्हणूनही गायले जाते, डाइक्स यांच्या एका साध्या चालीत. आमच्यातल्या अनेकांना ते लहानपणापासून ठाऊक होते आणि त्यामुळेच एल्गारची चाल शिकताना ते अडखळत. एल्गार यांनी हे पद दुरून सुरू केले आहे. आधी बायकांचे आवाज, अगदी हलके. आत्मा आणि देवदूत बोलत पुढे जातात तसे ते पुन्हा पुन्हा येते, दर वेळी थोडे जवळून. शेवटी दार उघडते आणि पूर्ण कॉयर, पूर्ण वाद्यवृंद, ऑर्गन, सारे सी मेजरमध्ये एकदम येतात. हा क्षण ध्वनिमुद्रणात ऐकणाऱ्याला रचनेचा कळस वाटतो. गाणाऱ्याला ठाऊक असते की खरे काम आत्ता सुरू होते आहे. त्या उद्घोषानंतर कॉयरचे दोन कॉयर होतात, प्रत्येकात चार विभाग, आणि पुढची बरीच पाने आठ ओळी एकमेकींत गुंतत, वेग वाढवत जातात.

आम्हाला बसण्याची व्यवस्था बदलावी लागली. नेहमी आम्ही आल्टो एका गठ्ठ्यात बसतो. आता अर्ध्या डावीकडे, अर्ध्या उजवीकडे. ज्या शेजारणीच्या आवाजावर मी इतकी वर्षे टेकून गायले, ती सभागृहाच्या पलीकडच्या टोकाला गेली. पहिल्या दिवशी दोन्ही कॉयर मिळून जे झाले त्याला गाणे म्हणता येणार नाही. संचालकांनी आठही ओळी सुट्या केल्या, जोड्या लावल्या, मग दोन्ही कॉयरना एकमेकांकडे तोंड करून उभे केले. त्यानंतर लक्षात आले की ज्या ओळी कागदावर गर्दी वाटतात त्या मुळात एकमेकींना उत्तरे देत आहेत. दुसऱ्या कॉयरची आल्टो जे म्हणते त्याचाच पुढचा तुकडा माझ्या ओळीत आहे. एकदा हे ऐकू आले की मोजणे निम्मे कमी होते. शेवटी श्वासाची व्यवस्था राहिली. अखेरचा लांबलचक स्वरसंघ एका दमात कुणालाच झेपत नाही, म्हणून शेजारच्या दोघींनी एकाच वेळी श्वास घ्यायचा नाही, अशी वाटणी केली. माझा श्वास सहाव्या मात्रेवर होता. अजूनही ते गाणे कानावर पडले की सहाव्या मात्रेला माझी छाती आपोआप भरते.

याच सुमारास मला या रचनेच्या १९०० सालच्या पहिल्या सादरीकरणाविषयी नीट वाचावेसे वाटले. बर्मिंगहॅमच्या त्रैवार्षिक संगीत महोत्सवासाठी ही रचना लिहिली गेली, आणि ३ ऑक्टोबर १९०० रोजी टाउन हॉलमध्ये हान्स रिश्टर यांच्या संचालनाखाली ती प्रथम सादर झाली. तोच महोत्सव, तोच हॉल, जिथे १८४६ मध्ये मेंडेल्सनचे ‘एलायजा’ पहिल्यांदा गायले गेले होते. तेव्हा कॉयर काही नवशिका नव्हता. पण एल्गार यांचे लेखन उशिरा पुरे झाले. वाद्यवृंदासह संपूर्ण रचना ऑगस्टच्या सुरुवातीला हातावेगळी झाली. जूनमध्ये कॉयरचे शिक्षक चार्ल्स स्विनर्टन हीप अचानक वारले. त्यांच्या जागी निवृत्त झालेले विल्यम स्टॉकली यांना परत बोलावले गेले. सत्तरीचे स्टॉकली जुन्या वळणाचे होते आणि हे संगीत त्यांच्या पचनी पडले नाही. तरुणपणी एल्गार याच स्टॉकलींच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवीत, हा योगायोग दोघांनाही सुखाचा वाटला नसणार. रिश्टर यांच्या हाती पूर्ण स्कोअर पडला तो वाद्यवृंदाच्या पहिल्या तालमीच्या तोंडावर. सादरीकरण व्हायचे तसेच झाले. कॉयरचा स्वर सरकला, प्रवेश चुकले. एल्गार यांनी त्यानंतर मित्राला लिहिले की देव कलेच्या विरोधात आहे असे मी नेहमीच म्हणत आलो, आणि आता आपले मन प्रत्येक धार्मिक भावनेला कायमचे बंद झाले आहे.

हा प्रसंग एल्गार यांच्या चरित्रांत त्यांच्या दुःखाची कहाणी म्हणून येतो, आणि कॉयरला त्यात आळशी किंवा अरसिक ठरवले जाते. आठ ओळींच्या त्या पानांवर महिनाभर डोके आपटल्यानंतर माझी सहानुभूती सगळी त्या गायकांकडे गेली. त्यांच्याजवळ ध्वनिमुद्रण नव्हते. हे गाणे पूर्वी कुणी गायलेलेच नव्हते, त्यामुळे ‘हे शेवटी असे ऐकू येते’ हे सांगणारा माणूस नव्हता. आम्हाला पेन्सिलच्या खुणांमधूनसुद्धा आधीच्या पिढ्या मदत करत होत्या. त्यांच्या हाती कोरे कागद होते, आणि तेही उशिरा आलेले. शिकवणाऱ्यालाच रचना उमगली नसेल तर दानव आणि देवदूत एकाच आवाजात गायले गेले असणार, आणि मग त्या संगीतात राहिले काय? पुढे युलियस बुट्स यांनी डुसेलडॉर्फमध्ये १९०१ च्या डिसेंबरात आणि १९०२ च्या मे महिन्यात ती पुरेशा तयारीने सादर केली, जर्मन संगीतकार रिखार्ड स्ट्राउस यांनी तिथे एल्गार यांच्या नावाने पेला उंचावला, आणि मग इंग्लंडला आपल्याजवळ काय आहे ते कळले. तरी १९०२ मध्ये वुस्टरच्या अँग्लिकन कॅथीड्रलमध्ये गाताना मेरीमातेची आणि संतांची नावे, परगेटरीचे उल्लेख, असे कॅथलिक शब्द गाळावे लागलेच. मला ती नावे सहज म्हणता आली, आणि ज्यांच्या पूर्वजांना ती खटकली होती ते आज माझ्या शेजारी बसून तीच नावे गात होते. त्यावर कुणी काही बोलले नाही.

मैफलीच्या दिवशी दुपारी वाद्यवृंदाबरोबर एकच तालीम होती. व्यावसायिक वादक ताशी दराने येतात, त्यामुळे त्याहून जास्त परवडत नाही. जागा एक मोठे चर्च, लाकडी पायऱ्यांवर आमच्या रांगा. पियानोवर शिकलेली रचना वाद्यवृंदात ओळखू येत नाही, याची कल्पना होती, तरी दानवांच्या आधी चेलो आणि डबल बास खालून घुमू लागले तेव्हा पायाखालच्या फळ्या थरथरत होत्या आणि माझा प्रवेशाचा स्वर मला ऐकूच येईना. पुढच्या रांगेतल्या बाईने मागे न वळता हाताने खूण केली: बासूनकडे, म्हणजे खालच्या स्वराच्या त्या लाकडी सुषिर वाद्याकडे, कान दे. खरोखर, बासून तो स्वर आधीच धरून होते. तालमीचा निम्मा वेळ मात्र उठण्या बसण्यात गेला. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला टेनर आणि मेझो यांचा लांब संवाद चालतो आणि कॉयर नुसता बसून असतो. मग वाद्ये उसळत असताना शंभर माणसांनी आवाज न करता उभे राहायचे आणि उभे राहताच दानव व्हायचे. गुडघे धरलेल्या मंडळींसाठी ही रचनेतली सर्वांत अवघड जागा आहे, असे माझ्या मागच्या रांगेत बसणाऱ्या ऐंशीच्या घरातल्या आजी म्हणाल्या.

संध्याकाळी प्रिल्यूड, म्हणजे वाद्यांची प्रस्तावना, सुरू झाले. क्लॅरिनेट, बासून आणि व्हायोला एकच सुरावट अगदी हळू, आधाराविना उचलतात. न्यायाची ही सुरावट रचनेत पुढे वारंवार भेटते. आम्हाला दहा मिनिटे काही काम नव्हते. ‘किरिये’ खाली घसरले नाही. पहिल्या भागाच्या शेवटी धर्मगुरूची आज्ञा होते, ‘ख्रिस्ती आत्म्या, या जगातून प्रस्थान कर’, आणि मग सगळा कॉयर देवदूतांच्या, प्रेषितांच्या, संतांच्या नावाने त्याला वाटेला लावतो. तिथे आमच्या बास विभागाने असा आवाज दिला जो तालमीत कधी ऐकला नव्हता. दानवांचा फ्यूग आम्ही ठरल्यापेक्षा जरा जास्तच वेगात गेलो आणि संचालकांनी तो तसाच जाऊ दिला.

ईश्वरदर्शनाच्या जागेविषयी थोडे सांगते, कारण तिथे कॉयरला काहीच गायचे नसते. नोव्हेलो प्रकाशनसंस्थेत काम करणारे ऑगस्ट येगर हे एल्गार यांचे जिवलग. एल्गार यांच्या ‘एनिग्मा व्हेरिएशन्स’ या वाद्यवृंदरचनेत ज्याच्यावर ‘निमरॉड’ हा भाग बेतला आहे तो हाच. या जागी एल्गार यांनी आधी दर्शनाचा क्षण टाळला होता. येगर यांनी पत्रांतून त्यांना इतके डिवचले की शेवटी त्यांनी तो लिहिला, आणि सूचना घातली की त्या एका क्षणी प्रत्येक वाद्याने आपले सर्व बळ लावावे. वाद्यवृंदाच्या मागे उभे राहून तो एक आघात ऐकणे हा समोर बसून ऐकण्याहून वेगळा अनुभव आहे. चढत जाणारे वादन आपल्या पुढ्यात घडते, ढोल वाजवणाऱ्याचा दंड दिसतो, आणि आवाज आपल्यापासून दूर, श्रोत्यांकडे निघून जातो. त्यानंतरच्या निःशब्दतेत टेनरने ‘मला इथून दूर ने’ अशी किंकाळी फोडली आणि लगेच आमच्यातल्या पुरुषांना परगेटरीतले आत्मे म्हणून नव्वदावे स्तोत्र सुरू करायचे होते. सुरुवातीचे शब्द त्यांनी जवळजवळ बोलल्यासारखे म्हटले, आणि ते योग्यच होते.

पुढच्या आठवड्यात मैफलीचे ध्वनिमुद्रण सगळ्यांनी मिळून ऐकले. दानवांचे शब्द मागच्या बाकांपर्यंत पोहोचले होते. दोन कॉयरच्या पानांत एका जागी उजवी बाजू डावीच्या अर्धी मात्रा पुढे होती. संचालकांनी तो तुकडा दोनदा लावला आणि काही बोलले नाहीत. मध्यंतराचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. आम्ही पहिल्या भागानंतर वीस मिनिटांची सुट्टी घेतली, कारण संस्थेचा बराचसा खर्च तेव्हा विकलेल्या चहा आणि वाइनमधून निघतो. एका गटाचे म्हणणे की माणूस मेला आणि श्रोते पेले घेऊन रांगेत उभे राहिले, हे हास्यास्पद आहे, दोन्ही भाग सलगच हवेत. दुसरा गट गुडघ्यांचा दाखला देतो. मला वाटते की मृत्यू आणि जाग येणे यांच्यामध्ये थोडी जागा एल्गार यांनीच ठेवली आहे, दुसऱ्या भागाची सुरुवात इतक्या निराळ्या हवेत होते. पण त्या जागेला पाच मिनिटे पुरेत, टाळ्या नकोत आणि वाइन शेवटी विकावी. समितीच्या पुढच्या बैठकीत मी हे लेखी दिले आहे.